पीसीओएस: महिन्याला १५०० रुपयांत काय करता येईल? (नाशिक)

इंदिरानगर_२६: पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात. डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सचा त्रास, सांगितलं, ‘वजन कमी कर’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. वजन ७२ किलो, अंबडला शिफ्टची नोकरी. दीड हजारच्या वर झेपणार नाही. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ: गंगापूर रोडला जिम लाव, ट्रेनरसकट. मी वर्षाचे ३२ हजार एकदम भरले, चार महिन्यांत पाळी रुळावर आली. पैशाकडे बघू नकोस गं.

सातपूरची_वहिनी: ट्रेडमिल मात्र घेऊ नकोस. आमचा वर्षात बंद पडला, दुरुस्तीवाला दोन महिने ‘येतो येतो’ करतोय. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चाल.

पेठकर: पोळी-भात बंद, नागलीची भाकरी सुरू. आमच्या घरची नागली आहे, बाजारचं पीठ घेऊ नका.

सिडको_मिसळ: नागली म्हणजे नाचणीच ना?

पेठकर: नाशकात नागलीच म्हणायचं!

कॉलेजरोडची_ताई: मला एकोणिसाव्या वर्षापासून आहे. अगं, पीसीओएस ठरवायला अनियमित पाळी, वाढलेले अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन्स, राठ केस त्यामुळेच) आणि सोनोग्राफीतली खूण (किंवा रक्तात एएमएच, म्हणजे बीजपुटिकांचं हार्मोन, जास्त), या तीनपैकी दोन लागतात. तुझ्यात पहिल्या दोन खुणा दिसतातच, तरी थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) तपासून घे. सोनोग्राफीत दिसतात त्या ‘गाठी’ म्हणजे अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका (बीजाच्या बारीक पिशव्या), घाबरू नकोस. बऱ्याच जणींत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग ते जास्त तयार होतं आणि अंडाशयाला अँड्रोजेन वाढवायला लावतं. माझ्या मानेवरची काळी वळी त्यामुळेच होती. आई बेसन-लिंबू लावून सालं निघेपर्यंत घासायची, वळी तशीच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करतात ती साखरेची तपासणी कर. वजनाचे पाच टक्के, म्हणजे तुझे साधारण साडेतीन किलो उतरले तरी फरक पडू शकतो. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असा व्यायाम हवा. अमुकच आहार सगळ्यांत चांगला, असं काही नाही. आणि पाळी तीन महिने आलीच नाही तर थांबू नकोस, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, डॉक्टरांकडे जा.

गोदाकाठ: मी तेच म्हणतेय, जिम.

इंदिरानगर_२६: ताई, थायरॉईड नॉर्मल आहे, साखर कोणी तपासलीच नव्हती. शनिवारी करते. जिम नाही, शिफ्ट बदलते म्हणून ट्रॅकही नाही. बाबांची सायकल माळ्यावरून काढली, टायर-ट्यूब, ब्रेक मिळून ९५० लागले. आज अंबडपर्यंत गेले, फ्लायओव्हरखाली दोनदा उतरावं लागलं. भाकरी मला जात नाही, पोळ्याच खाईन. दोनच, आणि मटकीची उसळ दुप्पट.