आधी विमा, मग वारसा

‘परदेशात स्थायिक झालेल्यांच्या संस्था पोट भरल्यावर गावाच्या आठवणीने काढल्या जातात’ असं एक मत आहे; ते अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियनांना अर्धंच लागू पडतं. १९२५ साली मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्डच्या सेंट ओलाफ कॉलेजात त्यांचं इतिहास मंडळ स्थापन झालं, त्याबाबत कबूल. पण त्यांच्याच ‘सन्स ऑफ नॉर्वे’ या संस्थेचं काय? १८९३च्या मंदीने कंबरडं मोडलेलं असताना, १८९५मध्ये मिनियापोलिसच्या १८ जणांनी ती काढली. कशासाठी, तर आजारपणात किंवा कर्ता माणूस गेल्यावर एकमेकांच्या घरांना आधार म्हणून. (आपल्या गिरणगावातली गावकरी मंडळं आठवा.) भाषा, संस्कृतीचा पसारा पुढे वाढत गेला.

आणि गंमत बघा, लुटेफिस्कच्या (क्षारात भिजवलेल्या सुक्या माशाच्या नॉर्वेजियन पदार्थाच्या) जेवणावळी घालणारी ही संस्था सभासदांना आजही आयुर्विमा विकते.