वाढत्या गावाला पाणी: आधी लांबचं धरण की आधी जुनी पाइपलाइन?

कोरडा_नळ

नमस्कार मंडळी. नगर नियोजनाचा कोर्स करतोय आणि एका असाइनमेंटमध्ये पार अडकलोय. केस काल्पनिक आहे पण अशी गावं जगभर ढिगानी असतील. आज लोकसंख्या ५० हजार, पंधरा वर्षांत १ लाख होणार असं धरायचंय. पाणी एकाच नदीतून येतं, उन्हाळ्यात तिचं पात्र दिसायला लागतं आणि पावसाळ्यात तीच नदी जॅकवेलच्या (नदीतून पाणी उचलायच्या विहिरीच्या) डोक्यावरून जाते. रोज ८० लाख लिटर पाणी शुद्धीकरण केंद्रातून सुटतं, त्यातलं ४० टक्के कुठे जातं ते कुणालाच माहीत नाही. घरात पाणी येतं दिवसाआड दीड तास.

आमच्या ग्रुपचं म्हणणं, ६० किलोमीटरवरच्या धरणातून थेट पाइपलाइन आणा, विषय संपला. एकच मैत्रीण अडून बसलीये की आधी गळती काढा, मग पुढचं बोला. सर फक्त एवढंच म्हणाले की "हवामान बदल धरून विचार करा" आणि चहाला निघून गेले. मला दोन्ही बाजू पटतात आणि त्यामुळेच गोची झालीये. प्रत्यक्ष काम केलेल्या लोकांनी जरा सांगा ना.

जुना_फिटर

तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा.

आयुष्य पाणीपुरवठ्याच्या लाइनींवर गेलंय म्हणून सांगतो, दिवसाआड दीड तास पाणी येतं तिथे पाणी कमी आहे हे अर्धंच खरं असतं. पाणी सोडलं की सगळ्या गावाचे नळ एकदम उघडतात, लोक पिंप टाकी बादली जे सापडेल ते भरतात, वर मोटर थेट लाइनीला लावून ओढतात, आणि पुढचं पाणी आलं की कालचं शिळं म्हणून ओतून देतात. ज्याला नंतर बंद करायचं लक्षात राहात नाही त्याचा नळ गटारात वाहतो. आता खरी भीती ऐका. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते आणि आत ओढ तयार होते, मग ज्या भोकातून सकाळी पाणी बाहेर येत होतं त्याच भोकातून दुपारी शेजारच्या गटाराचं पाणी आत जातं. शुद्धीकरण केंद्रात तुम्ही काहीही करा, लाइनीत दाब नसेल तर शेवटच्या घरात काय पोचेल याची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. म्हणून "सुरक्षित पाणी" हा प्रश्न निम्मा दाबाचा आहे. हे पुस्तकात असतं पण कोणी मनावर घेत नाही.

गळती शोधायची जुनी पद्धत सांगतो. रात्री दोन ते चारच्या दरम्यान, गाव झोपलेलं असताना, एका भागाचे सगळे बाजूचे व्हॉल्व्ह बंद करायचे, एकच तोंड चालू ठेवायचं आणि तिथल्या मीटरचा काटा बघायचा. सगळ्यांचे नळ बंद, तरी काटा फिरतोय, म्हणजे जे जातंय त्यातलं बहुतेक जमिनीत जातंय. (दिवसाआड पाणी असेल तर त्या रात्री मुद्दाम पाणी सोडावं लागतं आणि घरगुती टाक्या भरून होईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर आकडा फसवा येतो.) मग लोखंडी सळई घ्यायची, एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानाला. चांगल्या लाइनीत शांत असतं. गळती असली की सूंऽऽ असा बारीक आवाज येतो, प्रेशर कुकर शिट्टी व्हायच्या आधी करतो ना तसा. आता मशिनं आलीत, पण कान तयार असेल तर सळई अजून चालते. आणि फुटलेली मोठी लाइन रस्त्यावर दिसते, ती लगेच दुरुस्त होते, खरं पाणी जातं ते फेरूलपाशी (मोठ्या लाइनीतून घरचं कनेक्शन निघतं तो जोड), घरच्या कनेक्शनच्या सांध्यांत, वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेला न पडता.

होऊ शकतं का? कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह बघा. १९९३ साली तिथे सोडलेल्या पाण्यातलं ७२ टक्के पाणी गळती आणि चोरीत जात होतं, सगळं गाव युद्धातून नुकतं बाहेर आलेलं. २०१० च्या सुमारास तेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आणलं त्यांनी, आणि पाणी चोवीस तास. नवीन पाइप टाकले, प्रत्येक कनेक्शनला मीटर लावला, बिल न भरणाऱ्या बड्यांचंही पाणी तोडलं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेच्या प्रमुखांचं पूर्ण नाव 'एक सॉन चान'. एका सेनाधिकाऱ्याच्या घरी मीटर लावायला गेले तर त्याने यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं, हे परत आले ते सशस्त्र माणसं घेऊन आणि कनेक्शन कापलं. २००६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळालाय त्यांना. तर काम पाइपचं आहे तेवढंच हिमतीचं पण आहे.

हिशेबनीस

फिटरकाका, मुद्दा मान्य पण जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू. ८० लाख लिटर सुटतं, ४० टक्के गेलं म्हणजे ४८ लाख पोचतं. गळती निम्म्यावर आणली, २० टक्के, तर ६४ लाख पोचेल. म्हणजे १६ लाख लिटर "नवीन" पाणी मिळालं. माणशी रोज १०० लिटर धरले तर १६ हजार लोकांची सोय. उत्तम. पण गाव वाढणार ५० हजारांनी! उरलेल्या ३४ हजारांना काय सळईचा आवाज ऐकवणार?

त्यामुळे नवा स्रोत लागणारच. माझं भांडण क्रमाशी आहे. गळकी लाइन तशीच ठेवून लांबून पाणी आणलंत तर १ लाख लोकांना १ कोटी लिटर पोचवायला १ कोटी ६७ लाख लिटर आणावं लागेल, गळती २० टक्क्यांवर असेल तर १ कोटी २५ लाखांत भागतं. म्हणजे पाइप लहान, पंप लहान, दर महिन्याचं विजेचं बिल लहान. गळती आधी काढा ती नवीन योजना टाळण्यासाठी नाही, ती योजना परवडावी म्हणून.

कोरडा_नळ

बाप रे, हा १ कोटी ६७ लाखांचा हिशोब आमच्या ग्रुपमध्ये कोणीच केला नव्हता, आम्ही सरळ दरमाणशी गुणिले लोकसंख्या करून मोकळे झालो होतो. पण मग धरण फायनल समजू का?

खारा_वारा

फायनल काही समजू नका. सरांनी हवामान बदल म्हटलंय ना, ते इथे येतं.

एकच मोठा स्रोत म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत. केप टाउनचं पाणी जवळजवळ सगळं पावसाच्या धरणांवर होतं. लागोपाठ तीन वर्षं पाऊस दगा देऊन गेला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घालावी लागली. धरणं होती, पाइप चांगले होते, पाऊसच नव्हता. आता उलटं उदाहरण. काठमांडूला मेलम्ची नदीचं पाणी आणायला डोंगरातून २६-२७ किलोमीटरचा बोगदा खणला, काही दशकं त्यात गेली, मार्च २०२१ मध्ये पाणी शहरात पोचलं, आणि त्याच जूनमध्ये असा पूर आला की पाणी उचलायची जागाच दगडगोट्यांनी बुजून गेली. बोगदा शाबूत आणि तोंड बंद! म्हणून तुमच्या ६० किलोमीटरच्या लाइनीत मला लांबीपेक्षा जास्त काळजी पाणी उचलायच्या जागेची वाटते.

गाव किनाऱ्याला असेल तर वेगळीच गंमत. जमिनीतलं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. साधा ठोकताळा असा आहे की समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. म्हणजे बोअर उपसून वरची पातळी १ मीटरने उतरवलीत की खालून खारं पाणी हळूहळू ४० मीटर वर सरकायला मोकळं. लोकांना वाटतं विहिरीत पाणी आहे की अजून. पाणी आहे हो, पण चव बघा. आणि एकदा बोअर खारं झालं की ते परत गोडं व्हायला फार काळ जातो.

बांगलादेशातल्या खुलनाने हे बघूनच काम केलंय. जवळच्या नदीत उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी आत शिरतं, म्हणून मधुमती नदीवर लांब मोल्लाहाटला जाऊन ३० किलोमीटरहून जास्त लाइन टाकून पाणी आणलं. तिथेही वर्षातले काही दिवस क्षार वाढतात, तर शुद्धीकरण केंद्रापाशी मोठा तलाव बांधला, चांगल्या दिवसांत तो भरून ठेवायचा आणि वाईट दिवसांत वापरायचा. ही गोष्ट मला फार आवडते, कारण वर्षभराची सरासरी काढून ते गप्प बसले नाहीत, वर्षातले सगळ्यात वाईट दिवस बघितले. तुमच्या असाइनमेंटमध्ये "सरासरी प्रवाह" लिहिलं असेल तर खोडा आणि सलग तीन कोरड्या वर्षांचा आकडा टाका.

थेंबे_थेंबे

कोणी पावसाचं पाणी काढलंच नाही अजून म्हणून लिहिते. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोब्बर १ लिटर. ६० चौरस मीटरचं छप्पर, ८०० मिलिमीटर पाऊस, २० टक्के वाया गेला धरू, तरी ३८ हजार लिटर होतं. पाच माणसांना नुसतं प्यायला-स्वयंपाकाला माणशी २० लिटर म्हणजे वर्षभर पुरून वर उरलं. पण थांबा, लगेच टाळ्या नका वाजवू, आठ महिने कोरडे असतील तर २४ हजार लिटरची टाकी कुठे ठेवणार? शाळा, दवाखाने, ऑफिसं यांना हे जमतं. दोन खोल्यांच्या घराला नाही जमत. त्यामुळे याला मुख्य स्रोत म्हणू नका, आणीबाणीचा साठा म्हणा. आणि पहिल्या पावसाचं छपरावरची घाण घेऊन आलेलं पाणी सोडून द्यायची सोय हवीच.

गढूळ_एनटीयू

सगळे कोरड्या उन्हाळ्यावर बोलतायत, मी शुद्धीकरण केंद्रात ड्यूटी केलीये आणि मला झोप लागायची नाही ती पावसाळ्यात. वरच्या बाजूला ढगफुटी झाली की दोन-तीन तासांत नदीचं पाणी चहाच्या रंगाचं. कालचा तुरटीचा डोस आज चालत नाही. सहा बीकर ओळीने ठेवायचे, प्रत्येकात वेगवेगळी तुरटी, ढवळायचं आणि बघत बसायचं कोणत्या बीकरमध्ये कापसासारखे पुंजके होऊन खाली बसतात. याला जार टेस्ट म्हणतात, वेळ लागतो पाऊण तास. रात्री तीनला एकटा ऑपरेटर ही टेस्ट करेल का अंदाजाने पोतं ओतेल? तुम्हीच सांगा. अंदाजाने ओतलं की गढूळ पाणी फिल्टरवर जातं, तिथून पुढे सरकतं आणि मग क्लोरीनचं काम होत नाही कारण जंतू मातीच्या कणाआड लपतात, शिवाय त्या घाणीतच क्लोरीन खर्च होतं.

म्हणून माझी दोन मागणं. एक, पाणी आत घ्यायच्या आधी गाळ बसवायचा तलाव, एक-दोन दिवस पुरेल एवढा, म्हणजे नदी फारच खराब झाली तर तेवढा वेळ नदीचं पाणी घेणंच बंद करता येतं. दोन, पंप आणि विजेचं पॅनल पुराच्या पातळीच्या वर. हे सांगायला हवं का असं वाटेल, पण पॅनल पाण्याखाली गेलं की गावभर पाणी असून नळ कोरडा. अमेरिकेतल्या जॅक्सनमध्ये ऑगस्ट २०२२ ला नदीला पूर आला, आधीच खंगलेलं शुद्धीकरण केंद्र बसलं आणि दीडेक लाख लोकांच्या नळाला दाब राहिला नाही. श्रीमंत देशात.

आणि पाणी सुरक्षित आहे का ते केंद्रात मोजू नका, शेवटच्या घरात मोजा. १० मिलिलिटर पाण्यात डीपीडीची (क्लोरीन तपासायची) गोळी टाकली की गुलाबी रंग येतो, तो कार्डाशी जुळवायचा. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. रंगच आला नाही तर मधे कुठेतरी घाण आत शिरतेय किंवा पाणी टाकीत फार वेळ पडून राहतंय. फिटरकाकांची सळई आणि माझी गोळी एकाच नकाशावर लावा, गळतीच्या आणि बिनरंगाच्या जागा बऱ्याचदा एकच निघतात.

हिशेबनीस

+१. अवांतर: मग ओडिशातल्या पुरीचं उदाहरणही टाका. किनाऱ्याचं शहर, मे २०१९ मध्ये फनी चक्रीवादळाने झोडपलेलं, आणि जुलै २०२१ मध्ये तिथे चोवीस तास थेट नळाचं पिण्याजोगं पाणी सुरू झालं. अडीचेक लाख वस्तीचं शहर आहे ते, महानगर नाही.

पण चोवीस तास हा शब्द बघून हुरळू नका. मीटर नाही, गळती तशीच, आणि नुसता व्हॉल्व्ह चोवीस तास उघडा ठेवलात तर भोकंपण चोवीस तास गळतील.

कोरडा_नळ

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून ग्रुपमध्ये वाटतोय. आता क्रम असा लिहितोय: मोजणी, मग एकेक भाग वेगळा करून गळती आणि सतत दाब, त्याच वेळी गाळाचा तलाव आणि पॅनल वर, आणि धरणाची लाइन १ कोटी २५ लाखांच्या हिशोबाने, पण नदी सोडायची नाही, दुसरा स्रोत म्हणून ठेवायची. पहिल्या वर्षी पैसे फारच कमी असतील तर नेमकं काय विकत घेऊ, एवढंच शेवटचं विचारतो.

जुना_फिटर

मोठे मीटर. एक केंद्राच्या तोंडाशी, एकेक प्रत्येक उंच टाकीच्या आउटलेटला. ते लागेपर्यंत तुमचं ४० टक्के हा पण अंदाजच आहे, खरं ३० निघेल नाहीतर ५०.

आणि एक गोष्ट लिहून ठेवा, नकाशावर कोणी दाखवत नाही ती. नवीन लाइन टाकली की ठेकेदार घरांची कनेक्शनं नव्यावर घेतो आणि निघून जातो, जुनी लाइन तशीच जिवंत राहते, चार-दोन घरांचं पाणी तिच्यावरच चालू असतं. नवा पाइप चकाचक आणि गळती जैसे थे, मग सगळे म्हणतात पैसे वाया गेले. जुनी लाइन मेन व्हॉल्व्हपाशी तोडून टोकाला कॅप मारली का ते स्वतः खड्ड्यात वाकून बघा आणि मगच बिल पास करा.