हरवलेली वस्तू अनोळखी माणसाने परत आणून दिली? त्याने तुम्हाला कसं शोधलं, तेही सांगा

रानजाई, पुणे
हरवलेलं सापडलं, देव पावला, एवढ्यावर आपण गोष्ट संपवतो. मला त्याच्या अलीकडचं ऐकायचंय. वस्तू हाती लागल्यावर त्या माणसाने आपला माग कसा काढला, कुणाकुणाला विचारलं, स्वतःचं काय काम मोडलं?

सुरुवात मी करते. साताऱ्याहून येताना बाबांची पिशवी एसटीत राहिली. आत श्रवणयंत्राची डबी, तपासण्यांची फाइल, गोळ्या. कानात यंत्र नसलं की बाबा चार माणसांत बसायचंच टाळतात, त्यामुळे घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. पिशवी मागच्या सीटवरच्या एका गृहस्थांना दिसली. फाइलवर बाबांचं नाव होतं, पण फोन नंबर कुठेच नाही. तळाशी औषधांचं चुरगळलेलं बिल सापडलं, त्यावर मेडिकलवाल्याचा नंबर. त्यांनी त्याला फोन लावून नाव सांगितलं, एकेक गोळी वाचून दाखवली. मेडिकलवाल्याने आमचा नंबर त्यांना न देता त्यांचा नंबर मला कळवला, हेही मला फार आवडलं.

मी स्वारगेटला पोचले तेव्हा ते वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आमच्यासाठी बारामतीची गाडी सोडली होती त्यांनी. "आत देऊन गेला असतात तरी चाललं असतं हो," म्हटलं, तर म्हणाले, "कानाचं मशीन आहे ताई, कुणी आपटलं-बिपटलं तर?"

सातपन्नास, वसई
विरार लोकलमध्ये रॅकवर बॅग राहिली. लॅपटॉप, ऑफिसचं ओळखपत्र, डबा. रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवलं. तोपर्यंत डब्यातल्या एका मुलाने ती उतरवून आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, हवाली केली होती. अशा सामानासाठी त्यांचं 'ऑपरेशन अमानत' चालतं, हे मला तेव्हा कळलं. चौकीत वस्तूंची यादी लिहून घेतली, ओळखपत्र पडताळलं आणि साहेबांनी शेवटी विचारलं, "डब्यात भाजी कुठली?" पडवळाची, म्हटलं. डबा उघडून बघितला आणि सही घेतली. त्या मुलाचं नाव-गाव मात्र मिळालं नाही. गाडी सुटत होती म्हणून बॅग देऊन तो धावत परत चढला म्हणे.

इंद्रायणीकाठ, आळंदी
वारीतलं सांगतो. आमच्या दिंडीतल्या आजींची पिशवी सासवडच्या मुक्कामात हरवली. आत एक लुगडं, हरिपाठाचं पुस्तक आणि नातवाने दिलेले पैसे. आजींना फोन वापरता येत नाही, पिशवीवर नावही नव्हतं. पण नातवाने आतल्या बाजूला पेनाने "रथामागे" आणि दिंडीचा क्रमांक लिहून ठेवला होता. माउलींच्या सोहळ्यात दिंड्यांना रथापुढे आणि रथामागे असे क्रमांक असतात, तोच पत्ता. वाल्ह्याला संध्याकाळी एक तरुण आमचा तंबू शोधत आला. स्वतः रथापुढच्या दिंडीतला. पिशवी दिली, आजींच्या पाया पडला. आजी उलट त्याच्या पाया पडल्या. पैसे मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

कृष्णाघाट, सध्या तोक्यो
इथली पद्धत वेगळी. सापडलेली वस्तू 'कोबान'मध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या पोलीस चौकीत देतात. कायद्याने देणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं आणि ३ महिन्यांत मालक आला नाही तर बहुतेक वस्तू त्याची होऊ शकते. माझं पाकीट पैशांसकट मिळालं. देणाऱ्याने बक्षिसाचा हक्क सोडला होता आणि आपलं नाव कळवू नये असंही नोंदवलं होतं. आभार कुणाचे मानायचे? मी चौकीतल्या पोलिसालाच वाकून नमस्कार केला. व्यवस्था उत्तमच आहे, पण रानजाई, तुमच्या स्वारगेटच्या गृहस्थांशी दोन शब्द तरी बोलता आले, याचा हेवा वाटला.

वाटसरू, नागपूर
माझं पाकीट गेलं, पैसे गेले. पण काही दिवसांनी साध्या लिफाफ्यात आधार, पॅन आणि लायसन्स पोस्टाने घरी आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. ज्याने पैसे घेतले त्यानेच पाठवलं की रिकामं पाकीट दुसऱ्या कुणाला सापडलं, देव जाणे. मी दुसरी शक्यताच खरी मानते.

पैसे जास्त तितका मोह जास्त, असंही नसावं. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग आला होता. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त 'हरवलेली' पाकिटं बँका, हॉटेलं वगैरे ठिकाणी दिली. पैसे नसलेल्या पाकिटांपेक्षा पैसे असलेल्या पाकिटांच्या मालकांशी लोकांनी जास्त प्रमाणात संपर्क केला.

गोदाकाठ, नाशिक
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मला बाकावर फोन सापडला. लॉक होता, बॅटरी संपत आलेली. अशा वेळी खरी भीती वाटते ती आपल्यालाच चोर समजतील याची. शेजारच्या चहावाल्या दादांना साक्षीला घेतलं, त्यांच्याकडचं चार्जर लावलं आणि तिथेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने स्क्रीनवर "आई" उमटलं. उचलल्या उचलल्या पलीकडून रडवेला आवाज, "कोण बोलतंय? माझी मुलगी कुठंय?" त्या बाईंना फोनची काळजीच नव्हती. मुलीला काही झालं नाही, फक्त फोन सापडलाय, हे त्यांना पटवण्यातच दोन-तीन मिनिटं गेली. मुलगी आली ती आधी माझ्याच फोनवरून आईशी बोलली.

म्हणून सगळ्यांना विनंती. फोन हरवला की पहिल्यांदा त्यावर रिंग द्या, कुणी उचलतंय का बघा. सिम बंद केलं की ज्याला तो सापडलाय त्याला तुमचा कॉलच येणार नाही. उत्तर मिळालं नाही तर मात्र वेळ न घालवता सिम बंद करा, पोलिसांत तक्रार नोंदवा आणि 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. आणि लॉक स्क्रीनवर घरच्या माणसाचा नंबर आजच टाकून ठेवा.

पंचगंगा, कोल्हापूर
बहिणीचं बारावीचं हॉलतिकीट रस्त्यात पडलं. त्यावर फोन नंबर नसतो, पण परीक्षा केंद्र असतं. एक दूधवाले काका किटल्यांसकट थेट केंद्राच्या फाटकावर आले आणि आसन क्रमांक मोठ्याने ओरडत उभे राहिले. दूध पोचवायला उशीर झाला म्हणून त्या दिवशी त्यांना किती घरी ऐकून घ्यावं लागलं असेल! निकालाच्या दिवशी आई पेढे घेऊन त्यांच्या गोठ्यावर गेली होती.