मदत हवी आहे: 'कॉस्मिक प्रिन्सेस'ची मराठी सबटायटल्स

मंडळी, 'स्पेस: १९९९' मालिका पाहिलेलं कुणी आहे का इथे? १३ सप्टेंबर १९९९ ला चंद्रावरच्या अणुकचऱ्याचा स्फोट होतो आणि चंद्र पृथ्वीची कक्षा सोडून भरकटत जातो, तीच ती. तिच्या दुसऱ्या सीझनमधले 'द मेटामॉर्फ' आणि 'स्पेस वॉर्प' हे दोन भाग जोडून १९८२ मध्ये 'कॉस्मिक प्रिन्सेस' हा चित्रपट केला गेला. आईला तो दाखवायचा आहे, म्हणून मी मराठी सबटायटल्स करतेय.

दोन्ही भागांचे संवाद मी सुटे सुटे भाषांतर करून ठेवलेत. अडचण टायमिंगची आहे. चित्रपटात मधले तुकडे कापलेत, त्यामुळे प्रत्येक काटछाटीनंतर ओळी पुढे-मागे होतात. सगळी फाइल एकदम सरकवली तर सुरुवात जुळते आणि पुढचं बिघडतं. शिवाय माझी एक प्रत सेकंदाला २५ फ्रेमची आहे, दुसरी २४ ची. म्हणजे तासाभरात दोन-अडीच मिनिटांचा फरक! हवं ते रूप घेऊ शकणारी परग्रहवासी माया तापाने फणफणते आणि तिची रूपं आपोआप बदलू लागतात, त्या प्रसंगात तर ओळी भलत्याच्याच तोंडी जातात. तो प्रसंग नीट जमायलाच हवा, माया साकारणाऱ्या कॅथरिन शेलने फार जीव ओतलाय त्यात.

आधी फ्रेमरेट बदलून मग तुकड्यातुकड्याने सरकवायचं, की उलट? 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक ओळीपासून पुढचंच सरकवता येतं का? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.