'बटलर': हुद्दा, आडनाव आणि बटलर इंग्लिश

परवा जेवताना 'बटलर इंग्लिश' वरून विषय निघाला. बाबा म्हणाले, साहेबाच्या बंगल्यावरचा मुख्य नोकर म्हणजे बटलर आणि तो साहेबाशी जे मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा ते बटलर इंग्लिश. इथवर कळलं. पण मग हे आडनाव इतकं सगळीकडे कसं? कादंबरीतला ऱ्हेट बटलर, सायन्स फिक्शनवाली ऑक्टेव्हिया बटलर, अमेरिकन यादवी युद्धातला जनरल बटलर, हे सगळे एकाच घराण्यातले का? आणि मराठीत बटलरला काय म्हणायचं, खानसामा चालेल?

*

>> खानसामा चालेल?

नाही हो. खानसामा मुळात घरातल्या सामानसुमानाचा कारभारी होता, मोगलांच्या दरबारात तर तो मोठा हुद्दा होता, पण मराठीत खानसामा म्हटलं की डोळ्यासमोर आचारीच येतो. बटलर स्वैपाक करत नाही. आमचे पणजोबा देवळाली कॅम्पात एका गोऱ्या अधिकाऱ्याकडे बटलर होते, गावी अजूनही जुनी माणसं आमच्या घराला 'बटलरचं घर' म्हणतात, पत्रावर सुद्धा तसं लिहून यायचं म्हणे. कपाटाच्या किल्ल्या, चांदीचे काटे-चमचे मोजून ठेवणं, टेबल लावणं, बाकीच्या नोकरांवर नजर, हे त्यांचं काम. आडनाव मात्र आमचं वेगळंच आहे, नाहीतर आम्ही पण या धाग्यात आलो असतो.

*

मी काही वर्षं अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या सव्हानाला होते आणि तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर जी बसायची तिचं आडनाव बटलर, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बटलर म्हणजे अक्षरशः बाटलीवाला. जुन्या फ्रेंचमध्ये बाटलीला जो शब्द होता त्यावरून 'बुतेये' झाला, म्हणजे राजाच्या दारूच्या पिंपांचा आणि बाटल्यांचा अधिकारी. तेव्हा हा नोकर नव्हे, मानकरी. आपल्याकडे फडणीस, चिटणीस, पोतनीस ही जशी हुद्द्यांची आडनावं झाली तसंच ते झालं. ११८५ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्र जॉनबरोबर थिओबाल्ड वॉल्टर नावाचा सरदार आयर्लंडला गेला, त्याला आयर्लंडचा मुख्य बटलर केलं, वंशपरंपरागत. मग वॉल्टर मागे पडलं आणि घराणंच बटलर झालं. आणि हा मान नुसता नावापुरता नव्हता बरं का, आयर्लंडच्या बंदरात दारू घेऊन येणाऱ्या जहाजांवर त्यांचा हक्क असायचा, चक्क वतन. सरकारने ते शेवटी १८११ मध्ये दोन लाख सोळा हजार पौंड देऊन सोडवून घेतलं! थोडक्यात आडनाव म्हणजे काय, तर वतनाचा कागद.

आता अमेरिका. आयर्लंडमधल्या एका बटलर सरदाराचा धाकटा मुलगा पिअर्स बटलर. धाकट्याला जमीन मिळत नाही म्हणून ब्रिटिश फौजेत अधिकारी होऊन तिकडे गेला, साउथ कॅरोलायनातल्या बड्या घरातली मुलगी केली, आणि १७८७ च्या घटना परिषदेत प्रतिनिधी म्हणून बसला. एका राज्यातून पळून दुसऱ्या राज्यात गेलेला गुलाम मालकाला परत दिलाच पाहिजे, हे कलम घटनेत आणायला पुढे झालेला माणूस हाच. अमेरिकेच्या घटनेवर त्याची सही आहे.

याच्या घरात आडनावाची जी गंमत झाली, म्हणजे गंमत कसली, ती ऐका. मुलाला त्याने वारसा दिला नाही. मुलगी लग्न करून मीझ झालेली. म्हाताऱ्याने अट घातली की नातवांना इस्टेट हवी असेल तर मीझ सोडून बटलर लावायचं. त्यांनी लावलं. आपल्याकडे मुलीचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवतात ना, अगदी तसं. जॉर्जियाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरची भाताची आणि कापसाची शेती आणि तिथे राबणारी शेकडो गुलाम माणसं, सगळं एका आडनावाच्या बदल्यात मिळालं.

त्यातल्या पिअर्स मीझ बटलरने फॅनी केंबल या इंग्लिश नटीशी १८३४ मध्ये लग्न केलं. १८३८-३९ चा हिवाळा ती त्या बेटांवर राहिली, बायका बाळंत झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात शेतात उभ्या करतात हे तिने डोळ्याने बघितलं आणि लिहून ठेवलं. लग्न मोडलं, मुली नवऱ्याकडे राहिल्या, ती डायरी १८६३ मध्ये छापली. त्याआधीच नवऱ्याने जुगारात आणि सट्ट्यात पैसा घालवला आणि कर्ज फेडायला माणसं विकायला काढली. २ आणि ३ मार्च १८५९, सव्हानाजवळचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. लिलावाच्या यादीत ४३६ जण, विकले गेले ४२९, तीन लाख तीन हजार आठशे पन्नास डॉलर आले. दोन दिवस पाऊस धरून होता. ते लोक त्याला 'रडण्याची वेळ' म्हणत राहिले. गिऱ्हाईक असल्याचं भासवून एक न्यूयॉर्कचा बातमीदार तिथे आला होता, त्याने लिहिलंय की विकल्यावर बटलरने प्रत्येकाच्या हातावर एकेक डॉलर ठेवला, चार नव्या कोऱ्या पावल्या. मला ते चार पावल्यांचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही.

माझी ती सहकारी काळी आहे. तिच्या आजीकडचे लोक त्याच किनाऱ्यावरचे. एकदा दुपारी ती मला स्क्रीनवर दाखवत होती: १८७० ची जनगणना, तिच्या खापरपणजोबांची ओळ, बटलर हे आडनाव, वय, धंदा शेतमजूर, आणि लिहिता-वाचता येत नाही म्हणून रकान्यात एक रेघ. मग तिने मागची, १८६०ची गुलामांची यादी उघडली. तिथे नाव फक्त मालकाचं. खाली ओळीने वय, पुरुष का बाई, काळा का मिश्र. नाव कुणाचंच नाही. ती म्हणाली, आमचा शोध इथे भिंतीला जाऊन थडकतो. स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिल्यांदा ज्या जनगणनेत या लोकांची नावं आली ती १८७० ची, त्यामुळे तिकडे याला 'अठराशे सत्तरची भिंत' असंच म्हणतात.

तिला वाटायचं बटलर म्हणजे पूर्वज बंगल्यावर काम करत असणार. मी म्हटलं तसं असेलच असं नाही. सुटका झालेले लोक आडनावाला 'टायटल' किंवा 'एन्टायटल' म्हणायचे, काहींनी आताच्या मालकाचं घेतलं, काहींनी आजोबाच्या जुन्या मालकाचं, म्हणजे हरवलेली भावंडं त्या नावावरून सापडावीत, काहींनी मालकाला न कळता आधीपासून ठेवलेलं होतं ते उघड केलं. म्हणून एकच आडनाव असलं की एकच रक्त असं मानू नका.

*

>> यादवी युद्धातला जनरल बटलर?

बेंजामिन बटलर, जन्म न्यू हॅम्पशायरचा, पेशाने वकील, युद्धात उत्तरेच्या बाजूचा. त्या दक्षिणेतल्या बटलरांच्या घरातला नाही. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियात फोर्ट मन्रोवर तीन गुलाम रात्री होडीने पळून आले. दुसऱ्या दिवशी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सैन्याचा एक मेजर पांढरं निशाण घेऊन मागायला आला, कायद्याप्रमाणे परत द्या म्हणाला. बटलर म्हणाला, तुम्ही तर म्हणता व्हर्जिनिया आता परका देश आहे, मग आमचा कायदा तुम्हाला कशाला लागू? माणसं शत्रूच्या कामी लावलेली होती म्हणून त्यांना 'युद्धातला जप्त माल' ठरवून ठेवून घेतलं, मग त्या किल्ल्याकडे शेकड्यांनी लोक यायला लागले. म्हणजे एक बटलर घटनेत लिहवून घेतो की पळालेल्याला परत द्या आणि ७४ वर्षांनी दुसरा बटलर म्हणतो देत नाही! हे मी त्या सहकारीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पण 'माल' हा शब्द दोघांनीही सोडला नाही. मला उत्तर देता आलं नाही.

*

>> कादंबऱ्यांचं राहिलं

ऱ्हेट बटलर १९३६ च्या मार्गारेट मिचेलच्या 'गॉन विथ द विंड' कादंबरीतला, चार्ल्सटनचा, नाकेबंदी चुकवून जहाजं आणणारा. ऱ्हेट सुद्धा साउथ कॅरोलायनाचं आडनावच. तिथला गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता पुढारी रॉबर्ट बार्नवेल ऱ्हेट जन्माने स्मिथ होता, एका नामांकित पूर्वजाचं नाव उचलून भावंडांसकट ऱ्हेट झाला. म्हणजे या एका पात्राच्या नावात दोन आडनावं, आणि दोन्ही इतिहासात मुद्दाम लावून घेतलेली.

खऱ्या बटलर घराण्याचं रक्त मात्र वेगळ्याच पुस्तकात आहे. १९०२ मध्ये काऊबॉयच्या कादंबऱ्यांना वळण लावणारी 'द व्हर्जिनियन' लिहिणारा ओवेन विस्टर हा फॅनी केंबल आणि त्या लिलाववाल्या बटलरचा सख्खा नातू, मुलीचा मुलगा.

आणि ऑक्टेव्हिया बटलर. १९४७ चा पॅसडिनाचा जन्म, वडील बूटपॉलिश करायचे ते लवकर गेले, आई लोकांच्या घरी धुणीभांडी करायची, लहानपणी आईबरोबर मागच्या दाराने आत जावं लागायचं. 'बटलर' लावणाऱ्या मुलीने दुसऱ्याच्या बंगल्याचं मागचं दार एवढ्या जवळून बघितलेलं. तिच्या १९७९ च्या 'किंड्रेड' मध्ये लॉस एंजेलिसची एक काळी बाई गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते आणि तिथे तिला ज्याला वाचवत राहावं लागतं तो गोरा मालकाचा पोर तिचाच पूर्वज असतो. भिंतीच्या पलीकडे जायला माझ्या सहकारीला जे करता आलं नाही ते या बाईने कादंबरीत केलं. मी ती त्याच सहकारीकडून वाचायला घेतली होती.

*

>> मग मराठीत शब्द काय?

भाषांतरात बटलरच ठेवा, खानसामा नको. आडनाव असेल तर हातच लावू नका. आणि देवळालीच्या पणजोबांचं ते 'बटलरचं घर' लिहिलेलं पत्र अजून असेल तर फोटो काढून नीट जपून ठेवा हो, खरंच.