आई नर्सबाईंना दारातूनच परत पाठवते

बोटीवरचा:
मी हर्णैला खलाशी आहे. बोट एकदा सुटली की सात-आठ दिवस घर नाही. बायको पहिलटकरीण, सातवा महिना लागलाय. उपकेंद्राच्या नर्सबाई आणि आशाताई घरी येतात, पण आई 'ती झोपलीय' सांगून दारातूनच वाटेला लावते. म्हणते, माझी चार बाळंतपणं या घरात झाली, तेव्हा कोण वही घेऊन आली होती? बायकोचं हिमोग्लोबिन ८.४ आलंय. लोखंडाच्या गोळ्या गरम पडतात, पोर काळं होतं म्हणून त्या फळीवर तशाच पडल्यात. बायको मुकाट. आईशी भांडू, की नर्सबाईंनाच येऊ नका सांगू?

दालदी:
भांड सरळ. ८.४ म्हणजे थट्टा नाही.

माहेरवाशीण:
भांडून तू जाशील बोटीवर. मागे तिला कोण सांभाळणार?

जुन्या सिस्टर:
बाळा, मंडणगड-दापोलीत ३१ वर्षं एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स होते, तुझ्या आईसारख्या शंभर सासवा पाहिल्या. एका कोळणीने मला दोनदा ओटीवरूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा गेले तर ती बोंबील निवडत होती. रजिस्टर पिशवीतच ठेवलं, शेजारी बसून निवडायला लागले. तिच्या बाळंतपणांचं विचारलं. पाचातलं एक चौथ्या दिवशी गेलं होतं, त्याचं नाव ती सांगत राहिली, मी काही बोलले नाही. उठताना तीच म्हणाली, 'सुनेचे पाय सुजलेत, बघ जरा.' रक्तदाब १५०/१०० निघाला, त्याच दिवशी गाडी बोलावली.

आता तुझं. गोळ्यांनी पोर काळं होत नाही, शौच काळी होते, त्याला घाबरू नये. चहाबरोबर घ्यायची नाही. जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घे म्हणावं, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. ८.४ ला नुसत्या गोळ्या पुरतील की सलाईनमधून लोह द्यावं लागेल, ते डॉक्टर ठरवतील. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथे ने. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा अंगावरून रक्त गेलं तर ९ तारखेची वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

बाळ झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येईल. तेव्हा तरी दार उघडं ठेवा. ती बाळाचं वजन करते, ताप बघते, पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. ६० किंवा जास्त भरले तर दवाखाना. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत गावच्याच बायकांना हे शिकवून तान्ह्यांचे मृत्यू कमी करून दाखवले. मध नि घुटी मात्र चाटवू नका, सासूबाई रुसल्या तरी चालेल.

माहेरवाशीण:
सिस्टर, आमच्याकडे आलेल्या बाईंनी सगळ्यांसमोर 'अडाणी आहात का' म्हटलं होतं. सासूने पुन्हा पाऊल ठेवू दिलं नाही.

जुन्या सिस्टर:
चूक त्या बाईची. पण तीस घरं एका दिवसात उरकायची असली की जीभ घसरते, माझीही घसरलीय.

बोटीवरचा:
काल बंदरात आलो. आईला म्हटलं, नर्सबाईंना तुझ्या बाळंतपणांचं ऐकायचंय. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, येऊ दे, पण चपला बाहेर काढून. गोळ्या अजून फळीवरच आहेत.