अनुभव धागा: लाजरी, घाबरी, खचलेली पोरं

मलप्रभेकाठ:
काल बेळगावकडच्या खानापूर स्टँडवर एक पोरगी आत्याचा पदर सोडेना. कंडक्टर कन्नडमधून "एल्लिगे?" (कुठं जायचं?) विचारतोय, ही गप्प. मला एकदम आमच्या वाडीतला पोरगा आठवला. मी तेव्हा देवळात संध्याकाळचा अभ्यास घ्यायची. हा सातवीत, अडखळायचा. 'क' आला की मान ताठ, डोळे मिटलेले, बाकीची पोरं खी खी. वाचायला उभं केलं की मुतायला जातो म्हणून पळायचा. पण एकादशीला हरिपाठ म्हणताना बघितला, एक अक्षर अडकलं नाही! (अडखळणारी बरीच माणसं गाताना अडखळत नाहीत, हे मला फार नंतर कळलं.) मग मांडीवर ठेका धरून धडे वाचायला लावले. दोन महिन्यांनी म्हटलं, आज बसचं तिकीट तू काढायचंस. मी मागच्या सीटवर. गुडघ्यावर बोटं आपटत म्हणाला, "ओंदु खाऽनापुर कोऽडि." अगदी अभंगाच्या चालीत. कंडक्टर हसला, तिकीट फाडलं. स्टँड येईस्तोवर ते मुठीत, घामानं पार लगदा. आता पुण्यात असतो. अडखळतो अजून, पण फोन स्वतः करतो.
लिहा तुमचेही. तुम्ही कुणाला उभं केलंत, किंवा कुणी तुम्हाला.

निपाणीची_पोर:
आई विड्या वळायची, हजारावर मजुरी. अंगाला तंबाखूचा वास, म्हणून मी मागच्या बाकावर. बाईंनी भाषण दिलं नाही, सहलीचे पैसे गोळा करायचं काम दिलं. सगळ्यांना माझ्याकडं यावं लागलं की! तीन रुपये कमी भरले, ते बाईंनी घातले हे दहावीनंतर कळलं. कुकर झाला, येते नंतर.

तिठ्यावरचा:
कंडक्टरनं सुट्टे पण चालीतच दिले काय वो अक्का?

मलप्रभेकाठ:
सुट्टे? तिकिटामागं लिहून दिले, नेहमीसारखे.

लालमाती:
भरतीला १६०० मीटरमध्ये दोनदा बाद. बीमवर पुलअप १० निघायचे, शेवटच्या फेरीत दम जायचा. घरी तोंड दाखवू वाटंना, गुत्त्यावर बसू लागलो. वस्तादांनी तालमीत बोलावून फावडं हातात दिलं, माती उकर म्हणाले. आठ दिवस नुसतं उकरणं. नवव्या दिवशी विचारलं, दूध घेतलंस का? बास, एवढंच. गुत्ता सुटला. भरती झालो नाहीच, ट्रॅक्टर चालवतो. पहाटे गावातली पोरं पळवतो.

जांबोटी_पाऊस:
बसचा विषय निघालाच आहे तर, परवा दीड तास उभी होते, छत्री उलटी झालेली.

सीमावासी५६:
कन्नडच का म्हणायला लावलंत? मराठीत तिकीट मागायचा हक्क आहे आपला.

मलप्रभेकाठ:
दादा, त्या पोराला तेव्हा कुठल्याच भाषेत मागता येत नव्हतं. हक्काचं १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला बोलू, मीही असेन.

नाव_नको:
विषयात बसतं का माहीत नाही. भाचा सेकंड पीयूसी (बारावी) सायन्सला नापास झाला. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुढं सगळं इंग्लिश. चार दिवस दार लावून बसलाय, जेवत नाही. काय बोलू त्याच्याशी?

निपाणीची_पोर:
आले. ताई, आता वर्षात एकाहून जास्त परीक्षा असतात, दुसरीचा फॉर्म भरता येतो. पण ते आज नका काढू. आधी त्या दाराची आतली कडी काढून टाका. खरंच सांगते. आणि १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट. तो बोलत नसेल तर तुम्ही बोला.

लालमाती:
कुठलं गाव? पहाटे पाचला पाठवा. पळू दे नको, घड्याळ धरायला एक माणूस पाहिजेच आहे मला.

नाव_नको:
हुक्केरीकडचे आम्ही, लांब पडेल. तरी विचारते.

तिठ्यावरचा:
लांब असू दे, पाठवा. आमच्यातर्फे कुंदा मिठाई.

नाव_नको:
१४४१६ ला बोलले, अर्धा तास. तो बाहेर आला, अर्धा कप चहा घेतला, परत आत. कडीचे स्क्रू गंजलेत, निघत नाहीत. शेजारच्या काकांना बोलावलंय.